समुद्राच्या तळाला सापडलेलं ते गोल 'यान' नक्की काय हाय?

खानापूर_स्टेशनरोड:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा येडपटागत वाटेल खरं विचारतोच. बहिणीचा पोरगा सुट्टीला आलाय आमच्यात, आता नववीला जाईल, आणि आल्यापासून त्याच्या डोक्यात एकच खूळ, समुद्राच्या तळाला सापडलेल्या वस्तू. काल दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मी पाईपचे एल्बो मोजत बसलोतो तर हा मोबाईल नाकापुढं धरून उभा. पिवळट तपकिरी फोटो, मधी एक गोल चकती, आणि तिच्या मागं लांब पट्टा, कायतरी ओढत नेल्यागत. म्हणतो मामा हे बाल्टिक समुद्रात हाय, ६० मीटर रुंद, आणि तो पट्टा म्हणजे यान उतरताना घसरत गेलं त्याचा माग. मी म्हटलं दगड असंल रे, तर मलाच उलट, "दगड एवढा गोल असतो होय? आणि जवळ गेलं की कॅमेरे बंद पडतात म्हणे!" झालं, माझे एल्बो परत पहिल्यापासून मोजायला लागले.

तेवढ्यावर थांबतोय कुठं. जपानच्या पाण्यातल्या पायऱ्या, अलास्कातलं सोन्याचं अंडं, अटलांटिकच्या तळाला ड्रिलनं पाडल्यागत ओळीत भोकं, एकामागून एक दाखवालाय. मी कॉमर्सवाला माणूस. ह्यातलं खरंच कुणाला न कळलेलं कुठलं आणि व्ह्यूजसाठी फुगवलेलं कुठलं, जाणकारांनी जरा सांगा की. पोराला नुसतं गप बस म्हणायचं जीवावर येतं म्हणून विचारालोय.

तिसरं_गेट:
यान असतं तर थेट बेळगावला आलं असतं की हिवाळी अधिवेशनाला, सुवर्णसौधच्या पुढं पार्किंग लई हाय 😂
जाऊ दे, जाणकार येऊ देत, मी पण बघालोय.

गोकाक_रोड:
@खानापूर_स्टेशनरोड भावा, भाच्याला रागावू नका, प्रश्न चांगला हाय. मी जिऑलॉजी शिकलेला, पुढं सगळी वर्षं खडी आणि दगडाच्या धंद्यात गेली, तर दगडाबद्दल तेवढं बोलू शकतो.

ते बाल्टिकचं २०११ सालचं. स्वीडनची ओशन एक्स म्हणून एक टीम हाय, बुडालेली जहाजं आणि त्यातला माल शोधणारी, शास्त्रज्ञ नव्हेत, हे पहिलं लक्षात ठेवा. स्वीडन आणि फिनलंडच्या मधल्या पाण्यात त्यांच्या सोनारला, म्हणजे आवाज सोडून तळ बघणाऱ्या यंत्राला, तो गोल दिसला. पुढच्या वर्षी डायव्हर खाली गेले, दगडाचे तुकडे वर आणले आणि स्टॉकहोम युनिव्हर्सिटीतल्या फोल्कर ब्रुखर्ट नावाच्या जिऑलॉजिस्टला दिले. निघालं काय? ग्रॅनाईट, नाईस (हा पण दगडाचाच प्रकार), सँडस्टोन म्हणजे वाळूचा दगड. एक तुकडा काळा होता, बेसॉल्ट म्हणजे लाव्हाचा, तेवढ्याला धरून नेटवाल्यांनी गोंधळ घातला की बाल्टिकमध्ये ज्वालामुखी नाही मग हा आला कुठून. अहो बर्फानं आणला! शेवटच्या हिमयुगात त्या सगळ्या भागावर दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. तो सरकताना शेकडो किलोमीटरवरचे दगड उचलून आणतो, वितळला की तिथंच टाकून जातो, आणि जाता जाता तळावर लांबच लांब ओरखडे पाडतो. पट्ट्याचं उत्तर पण त्यातच हाय.

आता जपानच्या पायऱ्या, योनागुनी बेटाजवळच्या. १९८० च्या दशकात एक स्थानिक डायव्हर हातोडी-डोक्याचे शार्क कुठं दिसतात ते शोधत फिरत होता, त्याला सापडल्या. किमुरा नावाचे जपानी प्राध्यापक वर्षानुवर्षं सांगत आले की हे माणसानं बांधलंय, तर रॉबर्ट शॉक म्हणून अमेरिकन जिऑलॉजिस्ट स्वतः तिथं बुडी मारून आले आणि म्हणाले की हा नैसर्गिक सँडस्टोन हाय, थर आडवे आणि चिरा उभ्या, त्यामुळं काटकोनातच फुटतो. मी शॉकच्या बाजूनं. त्याला कारण पुस्तक नव्हं, गोकाक फॉल्स. उन्हाळ्यात पाणी कमी असताना झुलत्या पुलाच्या बाजूला खडकावर जाऊन बघा. सपाट फरशी, मग एकदम वीतभर खाली दुसरी फरशी, मग तिसरी, कडा अशा सरळ की गवंड्यानं ओळंबा लावलाय वाटावं. एका जागी तर पोरं चक्क पायऱ्या म्हणून उतरतात. कुणी केल्या? कुणी नाही. चिरेत पाणी गेलं, ठोकळा सुटला, पुरात वाहून गेला, मागं काटकोन राहिला. हाच खडक उद्या २५ मीटर पाण्याखाली गेला आणि निळ्या उजेडात कुणी व्हिडिओ काढला की झाली प्राचीन नगरी तयार.

कारवार_अप्पा:
गोकाकवाल्या सरांनी दगडाचं सांगितलं, मी फोटोचं सांगतो. सात-आठ वर्षं सर्व्हे बोटीवर काढलीत (आता निपाणीत असतो, समुद्राचा वास पण नाही, असो).

पहिली गोष्ट म्हणजे तो फोटो नव्हंच. साईड स्कॅन सोनार म्हणजे बोटीच्या मागं केबलला बांधून एक टॉर्पेडोगत नळकांडं ओढतात, बोटीवर त्याला फिश म्हणतात, ते दोन्ही बाजूला आवाज सोडतं आणि परत आलेल्या आवाजावरून कॉम्प्युटर एकेक रेघ काढत जातो. रेघा एकाखाली एक लागल्या की चित्र. आता समजा बोट हळू झाली आणि सॉफ्टवेअरला वेग जुनाच वाटला, तर चौकोन लांबट होतो, लांबट हाय ते गोल होऊ शकतं. लाटेवर फिश डोलला की सरळ कड नागमोडी. बोट वळली तर विचारूच नका. आणि त्यातलं काळं जे दिसतं ते वस्तूचा रंग नव्हं, तिच्या मागची सावली, आवाज पोचला नाही ती जागा. सावली लांब असली की वस्तू उंच असंल असा अंदाज बांधायचा, बस्स. एका चित्रावर कुणीच काय बोलत नाही, त्याच जागेवरून दुसऱ्या दिशेनं परत फेरी मारतात.

आम्हाला एकदा रात्री दोनला स्क्रीनवर असला फक्कड आयत दिसला की झोपलेले सगळे उठून केबिनमध्ये. चारी कोपरे, मधी दोन गोल. एकजण तर म्हणाला ट्रक हाय. सकाळपर्यंत चहावर चहा, बुडालेला बार्ज इथपर्यंत चर्चा गेली. डायव्हर खाली गेला आणि दहा मिनटात वर येऊन शिव्या घालायला लागला, तुटलेलं ट्रॉलचं, म्हणजे बोटीमागं ओढायचं मासेमारीचं जाळं, त्याच्या दोन लाकडी फळ्या आणि त्यात अडकलेला चिखल 😄 स्क्रीनवरचा तो आयत मला अजून डोळ्यापुढं दिसतो बघा.

वडगाव_भजनीमंडळ:
सगळं दगडच म्हणून मोकळं व्हायची फॅशन झाली हल्ली. मग गुजरातेतल्या खंबातच्या आखातातलं काय? २००१ मध्ये सरकारच्याच एनआयओटी ह्या समुद्र-तंत्रज्ञान संस्थेला सोनारमध्ये रस्ते-घरांसारखं दिसलं, तेव्हाचे केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशींनी जाहीर केलं, साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं लाकूड निघालं. ते पण जाळंच का अप्पा? आपलं काय सापडलं की लगेच शंका, बाहेरच्यांचं मात्र खरं.

गोकाक_रोड:
@वडगाव_भजनीमंडळ काका, आपलं-परक्याचं नाही ह्यात, बाल्टिकवाल्यांना पण मी सोडलं नाही बघा की वर. लाकूड तेवढं जुनं हाय हे मान्यच. खरं ते लाकूड तळातून ड्रेजनं, म्हणजे तळ खरवडणाऱ्या यंत्रानं, ओढून काढलेलं, कुठल्या भिंतीत, कुठल्या थरात होतं ते कुणी हातानं खणून बघितलेलं नाही. खंबातला भरती-ओहोटी एवढी प्रचंड असते की पाणी गढूळ, डायव्हरला स्वतःचा हात दिसत नाही, आणि त्या ओढीनं नदीतून आलेलं लाकूड-खापर कुठल्या कुठं जाऊन पडतं. जुनं झाड सापडलं म्हणजे जुनं शहर सापडलं असं होत नाही ना काका.

उलट द्वारका घ्या. तिथं गोव्याच्या एनआयओ ह्या समुद्र-विज्ञान संस्थेचे डॉ. एस. आर. राव आणि त्यांची माणसं १९८० च्या दशकात स्वतः पाण्यात उतरली, दगडी नांगर मिळाले, त्यातले काही तीन भोकांचे. भोक माणसानंच पाडलेलं, दोरासाठी, त्यावर कुणी वाद घालत नाही. ते बांधकाम किती जुनं ह्यावर वाद हायत, खरं माणसाचं हाय ह्याच्यावर नाही. फरक एवढाच.

वडगाव_भजनीमंडळ:
बघतो वाचून. नांगराचं माहीत नव्हतं.

निपाणीच्या_बाई:
उशिरा आले, पेपर तपासायचे होते. मी हायस्कूलला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे दगडावाल्यांनी आता जरा सरका 🙂

भाच्याला ही गोष्ट सांगा. १९६४ मध्ये एल्टानिन नावाच्या अमेरिकन जहाजानं केप हॉर्नच्या पश्चिमेला जवळजवळ ३,९०० मीटर खोल तळाचा फोटो काढला. चिखलात उभा एक खांब आणि त्याला ठरावीक अंतरावर चारी बाजूंनी आडवे दांडे, अगदी आपल्या गच्चीवरच्या जुन्या दूरदर्शनच्या अँटेनासारखा. लोक म्हणाले परग्रहवाल्यांचं यंत्र. तो निघाला स्पंज, म्हणजे तळाला चिकटून राहणारा प्राणी! मांसाहारी स्पंज, तसल्या दांड्यांवर बारीक प्राणी अडकवून खाणारा. आणि हे पुस्तकात छापून आलं १९७१ मध्येच, तरी त्यानंतर कितीतरी वर्षं अँटेनाची गोष्ट चालूच होती.

दुसरी माझी लाडकी. जपानच्या अमामी ओशिमाजवळ १९९५ पासून डायव्हर्सना वाळूत दोन मीटरची गोल नक्षी दिसायची, दारातल्या रांगोळीसारखी, कडेला पाकळ्या पाकळ्या. कोण काढतं पत्ताच नाही. २०१२ च्या सुमारास कळलं, वीतभरसुद्धा नसलेला एक नर पफर मासा. आठवडाभर पोटानं आणि परांनी वाळू उकरत राहतो, वर शिंपल्यांचे तुकडे आणून मांडतो, कशासाठी तर मादीनं मधल्या बारीक वाळूत अंडी घालावीत म्हणून. मी वर्गात हा व्हिडिओ लावते तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प बसतात, एरवी माझ्या तासाला तो चमत्कार होत नाही.

सोन्याचं अंडं म्हणजे २०२३ चं, अलास्काच्या आखातात, तीन हजार मीटरच्या खाली. सोनं वगैरे काही नाही, दहा सेंटीमीटरचा मऊ कातडीसारखा गोळा, एका बाजूला फाटलेला, नळीनं हळूच ओढून वर आणला. सजीवाचंच काहीतरी आहे, धातू नाही.

आता ती भोकं. भाच्यानं यानाच्या मागं लागण्यापेक्षा ह्याच्या मागं लागावं. अझोर्स बेटांच्या उत्तरेला, अडीच हजार मीटर खोल, सपाट चिखलात सरळ रेषेत एकामागून एक भोकं, शिलाई मशीननं टीप घातल्यासारखी, आणि प्रत्येकाच्या कडेला थोडी माती उकरून टाकलेली. २००४ मध्ये पहिल्यांदा दिसली, २०२२ मध्ये ओकेआनोस एक्सप्लोरर ह्या अमेरिकन संशोधन जहाजाला परत दिसली. शास्त्रज्ञांनी लोकांनाच विचारलं, तुम्हाला काय वाटतं? कुणीतरी आत राहतं, की वरून खणतं, की खालून गॅस येतो, ठरलेलं नाही.

तिसरं_गेट:
शिलाई मशीन 😂 बाई एक नंबर. आमच्या शहापुरात साड्यांचे माग होते, तसलं कायतरी असंल खाली.
सिरीयसली विचारतो, तळाला खरीच माणसानं केलेली भारी वस्तू सापडलीच नाही का कधी? सगळं दगड, मासे आणि जाळी?

कारवार_अप्पा:
सापडली की. ग्रीसचं अँटिकिथेरा. १९०० मध्ये स्पंज काढणाऱ्या बुड्यांना बुडालेलं जहाज मिळालं, त्यात पुतळे-बितळे, आणि एक ब्राँझचा गंजका गोळा. १९०२ मध्ये म्युझियममध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं की आत दातेरी चाक हाय! आज त्यातली ३० चाकं मिळालेली हायत. दोन हजार वर्षांपूर्वीचं यंत्र, हँडल फिरवलं की सूर्य-चंद्र कुठं असतील, ग्रहण कधी लागेल ते सांगणारं, म्हणजे पितळी पंचांगच की. गंमत बघा, हे तळाला कुणालाच 'रहस्यमय' दिसलं नव्हतं. चिखलाचा गोळा म्हणून दोन वर्षं पडून होतं.

निपाणीच्या_बाई:
हे आवडलं अप्पा. त्यावरून आठवलं, कॉलेजच्या ट्रिपला दोनापावलाला एनआयओमध्ये हिंदी महासागरातले मँगनीजचे गोळे हातात दिले होते. काळे, खडबडीत, अगदी आपल्या बेळगावच्या बटाट्याएवढे. मधी कधीकधी शार्कचा दात असतो, त्याच्याभोवती थर चढत जातो, दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. मी तो गोळा खाली ठेवेचना, शेवटी सरांनी हातातून काढून घेतला.

खानापूर_स्टेशनरोड:
सगळ्यांचे आभार, खरंच. काल रात्री जेवताना पोराला सगळं वाचून दाखवलं. यान गेलं म्हणून पहिल्यांदा तोंड पाडून बसला, पफर माशाला हसला, आणि भोकांपाशी आल्यावर भाकरी हातात तशीच. म्हणतो मामा भोकांतलं अंतर सारखं हाय का मोजलं का कुणी? मी म्हटलं बाईंना विचारतो. आता मोबाईल सोडून वहीत पट्टीनं भोकं काढत बसलाय, त्याची आई म्हणते हे खूळ आधीच्यापेक्षा बरं.

आणि एक. गोकाकचे सर, हिडकलच्या पाण्यात बुडालेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर पाणी उतरलं की दिसतं ते दाखवावं म्हणतोय त्याला, माणसानं बांधलेलं पाण्यातून बाहेर आल्यावर कसं दिसतं ते कळेल. तुमच्या खडकाच्या पायऱ्या पण त्याच फेरीत होतील काय?

गोकाक_रोड:
आरामात. सकाळी लवकर निघा, आधी हिडकल करा, चिखल वाळलेला दिसला तरी पोराला एकट्याला पुढं सोडू नका, वरनं पापुद्रा आणि आत गुडघाभर गाळ असतो. मंदिर बघताना त्याला उंबरा दाखवा, मधोमध झिजलेला असतो, पाय पडून पडून. मग ऊन कलल्यावर गोकाकला या, मी येतो फॉल्सवर, पायऱ्यांना तसला उंबरा सापडतोय का शोधू दे त्यालाच.

तिसरं_गेट:
आणि येताना करदंट आणा सगळ्यांना. पत्ता मेसेज करतो.