इंग्रजी सुखात्मिकेतील नीतिसुधारणा : कॉलियरच्या आधी की नंतर?

नाट्यजिज्ञासू :
जेरेमी कॉलियर या धर्मोपदेशकाने १६९८ मध्ये इंग्रजी रंगभूमीच्या अनीतीवर घणाघाती ग्रंथ लिहिला आणि त्यामुळे बेछूट सुखात्मिकांचा काळ संपला, असे सर्रास लिहिले जाते. परंतु कॉली सिबरचे ‘लव्हज लास्ट शिफ्ट’ हे नाटक १६९६ चे आहे आणि त्यातील व्यसनी नवरा शेवटी पश्चात्ताप पावतो. मग या बदलाचे मूळ नेमके कोठे शोधावे?

रंगपट :
मूळ आधी दरबारात शोधावे. आधीचा राजा दुसरा चार्ल्स याच्या दरबाऱ्यांना स्वैर नायक आपल्यातलाच वाटत असे. १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर आलेल्या विल्यम आणि मेरी यांनी सदाचाराचा जाहीर पुरस्कार केला, आणि १६९० च्या दशकात लंडनमधील आचारसुधारक मंडळ्या शिवराळपणा व वेश्याव्यवसाय यांविरुद्ध खटले गुदरू लागल्या. कॉलियरने या हवेला ग्रंथरूप दिले, ती निर्माण केली नाही. (त्याला प्युरिटन, म्हणजे कर्मठ सुधारणावादी पंथाचा, समजू नये. विल्यमशी राजनिष्ठेची शपथ नाकारणारा तो पदच्युत राजाचा कडवा पक्षपाती होता.)

आडपडदा :
हे मान्य, पण सिबरच्या नाटकाला सुधारणा म्हणताना जरा थांबावे. त्यातला नवरा लव्हलेस निष्कांचन होऊन परततो. देवीच्या व्रणांमुळे न ओळखू येणारी त्याची पत्नी अमांडा परस्त्री म्हणून त्याला रात्री घरी बोलावते आणि नंतर ओळख देते. म्हणजे पत्नीच्या सद्गुणाचा विजयसुद्धा व्यभिचाराच्या आमिषानेच होतो! शिवाय अमांडा आता धनवान आहे, हे या पश्चात्तापाच्या हिशेबात धरायला हवे. भरतवाक्यात तर सिबर स्वैर प्रेक्षकांना उघडच सांगतो की नायक चार अंकांहून अधिक काळ तुमच्याच रुचीचा आहे, शेवट तेवढा स्त्रियांसाठी. १६९५ मध्ये नामवंत नट बेटरटन प्रमुख नटांसह वेगळा झाल्यावर दुबळ्या पडलेल्या लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहाच्या मंडळीला दोन्ही प्रकारचे गिऱ्हाईक हवे होते, असे मला वाटते. नाटककार व्हॅनब्रूने १६९६ मध्येच ‘द रिलॅप्स’ या नाटकात लव्हलेसला लंडनला आणून पुन्हा घसरवले, आणि कॉलियरने त्या नाटकाचा स्वतंत्र समाचार घेतला.

रंगपट :
आपला आक्षेप रास्त आहे. म्हणूनच खरा पालट मी रिचर्ड स्टीलच्या ‘द कॉन्शस लव्हर्स’मध्ये, म्हणजे १७२२ मध्ये मानतो. त्यातील नायक बेव्हिलला सुधारावे लागतच नाही, कारण तो पहिल्या अंकापासूनच सज्जन आहे, आणि मित्राशी द्वंद्वयुद्ध टाळण्याचा त्याचा प्रसंग हाच नाटक लिहिण्याचा हेतू असल्याचे स्टीलने प्रस्तावनेत म्हटले आहे. तेथे सीलँड हा व्यापारी सरदाराला ठणकावतो की आम्ही व्यापारीही प्रतिष्ठितांचाच एक वर्ग आहोत. जुन्या सुखात्मिकेत शहरी व्यापारी म्हणजे बायको पळवली जाणारा मूर्ख. त्याच व्यापाऱ्याची मुलगी येथे नायिका ठरते. विनोद मात्र नोकरांच्या वाट्याला जातो, आणि नाटककार गोल्डस्मिथने १७७३ मध्ये या रडव्या सुखात्मिकांवर तक्रार केली तीही नेमकी हसू हरवल्याचीच.