यादीत 'कऱ्हाडे' डोळ्यांना दिसतायत, सर्च म्हणतंय सापडले नाहीत. डोकं फिरलंय, मदत करा

रातपाळी_डेव्ह
नमस्कार मंडळी. एका छोट्या पतसंस्थेसाठी सभासदांचं ॲप करतेय, मागे पायथॉन आणि जँगो, डेटाबेस पोस्टग्रेस. साधारण नऊ हजार सभासद, नावं सगळी मराठीत. अर्धा डेटा जुन्या फाँटमधल्या फायली कन्व्हर्ट करून आलाय, बाकीचा काउंटरवरच्या पोरांनी टाइप केलाय, कुणी डेस्कटॉपवर कुणी मोबाइलवर.

आता प्रॉब्लेम ऐका. परवा एक आजोबा काउंटरला उभे, आडनाव कऱ्हाडे, आणि मशीन म्हणतंय असा सभासदच नाही. आजोबा म्हणाले पस्तीस वर्षं पैसे भरतोय बाई मी इथे. मग आख्खी यादी उघडून स्क्रोल केली तर नाव ढळढळीत समोर! तिथून कॉपी करून सर्चमध्ये टाकलं तर सापडतं, हातानं टाइप केलं तर नाही. तेच 'ॲडव्होकेट' लावलेल्या नावांचं, काही येतात काही येत नाहीत.

ट्रिम, म्हणजे मागच्यापुढच्या मोकळ्या जागा काढून झालं, इंडेक्स (डेटाबेसची शोधसूची) खराब झाला असेल म्हणून रात्री दोन वाजता रीइंडेक्स करून झालं, काही फरक नाही. शेवटी वैतागून लांबी मोजली तर काही कऱ्हाड्यांची लांबी ७ येते आणि काहींची ८. एकच आडनाव, स्क्रीनवर अगदी सेम दिसतं, तरी असं का?? उद्या संध्याकाळपर्यंत मॅनेजरना काहीतरी सांगायचंय.

घाईत_आहे
लाइक लाव आणि दोन्हीकडे टक्का टाक, म्हणजे नावाचा तुकडा जुळला तरी येईल. नाहीतर ट्रायग्रॅम एक्स्टेन्शन घे, फझी सर्च होतो, म्हणजे साधारण सारखी नावंही येतात.

रातपाळी_डेव्ह
लाइक आधीपासूनच आहे हो. ट्रायग्रॅमनं कऱ्हाडे आला पण सोबत कराडे, कर्डिले, कऱ्हाळे सगळी वरात आली. काउंटरवरचा माणूस चुकीच्या खात्यात पैसे भरायचा एखाद दिवस.

अर्धा_र
ताई, इंडेक्स बिचारा निर्दोष आहे. तुमच्या डेटात ते आडनाव तीन-चार वेगवेगळ्या प्रकारांनी लिहिलंय आणि डोळ्याला ते कळूच शकत नाही. एक काम करा, न सापडणारं नाव पायथॉनच्या अॅस्की फंक्शनमधून प्रिंट करा, म्हणजे अक्षरांऐवजी नुसते कोड पॉइंट, म्हणजे युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या यादीतले चिन्हांचे क्रमांक, दिसतील. मी पैजेवर सांगतो हे दिसणार:

पहिला प्रकार, क नंतर ऱ म्हणजे ०९३१, मग हलन्त, मग ह. मोजा, एकूण ७ कोड पॉइंट.

दुसरा, साधा र ०९३०, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर म्हणजे २००डी (हा स्क्रीनवर दिसत नाही, पण असतो), मग ह. हे झाले ८.

तिसरा, साधा र आणि त्याच्यापुढे सुटा नुक्ता (खालचा ठिपका) ०९३सी, मग हलन्त. हे पण ८! म्हणजे तुमच्या आठवाल्यांतही दोन जाती निघणार, लांबीवरून गट पाडायला जाल तर फसाल.

आणि चौथा म्हणजे ज्याला कीबोर्डवर ऱ सापडलाच नाही त्यानं सरळ रफार देऊन 'कर्हाडे' लिहिलं. हा डोळ्यालाही वेगळा दिसतो, पण घाईत कोण बघतंय. आणि गंमत म्हणजे हा परत ७.

पोस्टग्रेस साध्या कोलेशनमध्ये (तुलना आणि क्रम लावायचे नियम) बरोबरीची तुलना बाइट-बाइटनं करतं, त्याच्या लेखी ही चार वेगळी आडनावं आहेत. यादीतून कॉपी केलं की तेच बाइट येतात म्हणून सापडतं, हातानं टाइप केलं की तुमचा कीबोर्ड जे देईल ते.

पहिला उपाय नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारांनी लिहिलेलं एका रूपात आणणं. त्यातलं एनएफसी, जे सुटे भाग जोडतं, ते केलं की तिसरा प्रकार आपोआप पहिल्यात जातो, कारण र अधिक नुक्ता बरोबर ऱ हे युनिकोडमध्येच लिहिलेलं आहे. पायथॉनमध्ये युनिकोडडेटा मॉड्यूल आहेच, पोस्टग्रेसमध्येही १३ व्या व्हर्जनपासून नॉर्मलाइझ फंक्शन आलंय. पण लोक इथंच थांबतात आणि मग म्हणतात एनएफसी केलं तरी होत नाही! जॉइनरवाला दुसरा प्रकार एनएफसीला कळत नाही, तो हातानंच बदलावा लागतो.

'ॲडव्होकेट'चं तर त्याहून वाईट. बघा मी तीनदा लिहितो: ॲ, अॅ, अ‍ॅ. पहिला एकसंध, ०९७२. दुसरा अ आणि त्यावर चंद्राची मात्रा. तिसऱ्यात मधे जॉइनर लपलाय. आणि यांचं एकमेकांशी काही नातं आहे असं युनिकोडच्या टेबलात कुठेच नाही, त्यामुळे कुठलंही नॉर्मलायझेशन लावा, तिघे तिघंच राहतात.

खिळे_जुळवणारा
यात चूक काउंटरवरच्या पोरांची नाही हं, उगाच त्यांना बोलू नका. युनिकोडची देवनागरी आपल्याकडच्या १९८८ च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या मानकावरून बेतलेली. इस्कीच्या पद्धतीत मराठीचा हा अर्धा र ऱ आणि हलन्त असा लिहायचा, आणि युनिकोडचं व्हर्जन २ होतं तेव्हा तो र, हलन्त, जॉइनर असा लिहीत. पुढे दोन्ही चालू ठेवले, जुना मजकूर तुटू नये म्हणून. म्हणजे दोन्ही प्रकार नियमाप्रमाणेच आहेत!

ॲ चं तसंच. ०९७२ हा कोड युनिकोड ५.१ मध्ये आला, २००८ साली. त्याच्या आधी लोकांनी 'अॅप' लिहायचं कसं? अ वर चंद्र दिला की बऱ्याच ठिकाणी मधेच ठिपक्यांचा गोल यायचा, मग तो घालवायला जॉइनर घुसवायचे. तेव्हा बसलेल्या सवयी अजून बोटांत आहेत, माझ्याही.

स्टॅकवरून_साभार
एवढं कशाला लिहिताय, हे मी नेहमी वापरतो: आधी एनएफडी करा म्हणजे सगळं सुटं होतं, मग ज्यांची कॅटेगरी एमएन (अक्षराच्या वर-खाली चिकटणाऱ्या खुणा) आहे ते सगळे उडवा, झालं नॉर्मलाइझ. फ्रेंच नावांना मस्त चालतं.

अर्धा_र
अहो थांबा थांबा! हा तुकडा फ्रेंचमध्ये ई वरचा टिंब-तिरपा काढायला ठीक आहे, आपल्याकडे एमएन म्हणजे काय माहितीय का? उकार, एकार, अनुस्वार, हलन्त हे सगळे एमएन. आणि काना, वेलांट्या, ओकार हे एमसी, म्हणजे स्वतः जागा घेणाऱ्या खुणांची दुसरी कॅटेगरी, म्हणून ते वाचतात. 'कुलकर्णी' टाकून बघा, 'कलकरणी' मिळेल. 'मेघा'ची 'मघा' होते. निम्मं नाव मरतं निम्मं जगतं, आणि टेस्टमध्ये 'पाटील' वापरलं तर काहीच बिघडलेलं दिसत नाही, कारण त्यात एकही एमएन नाही.

तसंच पायथॉनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरातले नमुने शोधायची पद्धत) डब्ल्यू, म्हणजे 'कुठलंही अक्षर'. त्याला मात्रा हे अक्षर वाटतच नाही, त्यामुळे 'अक्षर नसलेलं सगळं काढ' म्हणालात तर तुमचा पाटील पण जातो, 'पटल' उरतं.

स्टॅकवरून_साभार
आयला. हे एका चालू प्रोजेक्टमध्ये आहे माझ्या. येतो जरा बघून.

रातपाळी_डेव्ह
अर्धा_र दादा, पैज जिंकलात, चारही प्रकार निघाले. वर कन्व्हर्ट केलेल्या डेटात 'आ' हा अ आणि काना असा सुटा निघाला, तोही एनएफसीनं जुळत नाही. आणि काही ठिकाणी विसर्गाच्या जागी चक्क कोलन 🙏

तुम्ही सांगितलं तसं काल रात्री लिहिलं, पण कऱ्हाडे आजोबा अजून रुसलेलेच आहेत. ॲडव्होकेट सगळे यायला लागले. मी काय केलं तर एनएफसी, मग सगळे अदृश्य जॉइनर उडवले, मग अ आणि चंद्राचा ॲ केला, मग र-हलन्त-जॉइनरचा ऱ केला. कुठे चुकतंय?

अर्धा_र
क्रम बघा. जॉइनर आधीच उडवलात, मग शेवटच्या पायरीला शोधायला उरलं काय? र्‍ह मधला जॉइनर गेला की तो रफार होतो, म्हणजे तुमच्याच कोडनं दुसऱ्या प्रकाराचा चौथा प्रकार केला. आधी एनएफसी, मग लगेच र-हलन्त-जॉइनरचं ऱ-हलन्त, आणि त्यानंतरच उरलेले जॉइनर काढायचे. ॲ चं मात्र उलटं, तिथं जॉइनर गेल्यावरच जुळवायचं.

आणि हे नुसतं दिसण्याचं नाही बरं का. दर्या आणि दऱ्या यात फरक आहे, आचार्यांना आणि आचाऱ्यांना यात तर फारच. मराठीत जॉइनर आंधळेपणानं काढला की स्वयंपाकी गुरुजी होतो.

अजून एक, मूळ नावाच्या कॉलमला हात लावू नका. तो माणसानं दिलाय, पासबुकावर तसाच छापायचा. शेजारी शोधासाठी वेगळा कॉलम करा, सेव्ह करताना त्यात चावी, म्हणजे वरच्या पायऱ्यांतून निघालेलं नाव, भरा आणि सर्चमध्ये जे टाइप होईल त्यालाही तेच फंक्शन लावा. तेच म्हणजे तेच, फ्रंटएंडला जावास्क्रिप्टमध्ये दुसरं लिहू नका, सहा महिन्यांनी दोघांत फरक पडतो, अनुभव आहे.

टेस्टर_बाई
रफारवाल्या कर्हाड्यांचं काय मग? ते या चावीनं नाहीच सापडणार.

अर्धा_र
बरोबर. त्यांच्यासाठी मी दुसरी सैल चावी ठेवतो, त्यात ऱ चा सरळ र करायचा, हवं तर ऱ्हस्व-दीर्घही एक करायचं म्हणजे पाटिल-पाटील भेटतात. पण तिचे रिझल्ट खाली, 'हे म्हणायचंय का?' अशा मथळ्याखाली दाखवायचे. वर फक्त पक्क्या चावीचे. सैल चावीवर पैशाचा व्यवहार नको.

टेस्टर_बाई
आणि नावाच्या बॉक्सवर '२० अक्षरं' अशी मर्यादा टाकली असेल तर तीही बघून घ्या. 'श्री' आपल्यासाठी एक अक्षर, कोड पॉइंट ४, यूटीएफ-८ मध्ये (साठवायची नेहमीची पद्धत) १२ बाइट. ग्राफीम, म्हणजे डोळ्याला दिसणारी अक्षरं, मोजणारी लायब्ररी वापरली तरी जुनी म्हणते २ आणि नवी म्हणते १, कारण जोडाक्षर एकत्र धरायचा नियम युनिकोड १५.१ मध्ये आला, २०२३ ला. एसएमएस पाठवत असाल तर अजून मजा, इंग्रजीत १६० बसतात, देवनागरीत ७०, आणि तिथे मात्रा पण मोजतात. आमच्याकडे एकदा 'आपला हप्ता भरलेला नाही' मधला 'नाही' दुसऱ्या मेसेजमध्ये गेला होता, आणि तो दुसरा मेसेज उशिरा पोचला.

रातपाळी_डेव्ह
झालं!! क्रम बदलला, आजोबा सापडले. खरं तर दोनदा सापडले. एकदा ऱ नं आणि एकदा जॉइनरनं, मागच्या वर्षी कुणाला नाव दिसलं नाही म्हणून नवीनच नोंद केली होती. चावीवर ग्रुप करून काढलं तर अशा एकूण २३ जोड्या निघाल्या. मी उत्साहात चावीच्या कॉलमला युनिक, म्हणजे एक चावी एकदाच असं बंधन, लावणार होते, बरं झालं आधी मॅनेजरना यादी दाखवली.

ते बघून हसायलाच लागले. २३ मधल्या चार जोड्या म्हणे आजोबा आणि नातू आहेत. आजोबा समजा गोविंद रामचंद्र, त्यांचा मुलगा रामचंद्र गोविंद, आणि त्याच्या मुलाला आजोबांचं नाव, म्हणजे परत गोविंद रामचंद्र! आडनाव तेच, पत्ता तोच, फक्त जन्मतारीख वेगळी. आता युनिक वगैरे काही लावत नाहीये, नवीन नोंद करताना नुसती सूचना येते की या नावाचे आधीच आहेत, जन्मतारीख बघा. बाकीच्या १९ जोड्या मॅनेजर स्वतः पासबुकं मागवून एकेक तपासतायत.

पुढचं दुखणं सॉर्टिंगचं आहे. काळे आडनाव काल्याच्या पाठोपाठ येतंय, ळ ल च्या शेजारी जाऊन बसलाय, आणि क्षीरसागर क मध्ये. मॅनेजर म्हणतात ळ, क्ष, ज्ञ शेवटी पाहिजेत, शाळेत शिकलो तसे.

खिळे_जुळवणारा
आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन लावा, एमआर नावाचं. नवीन धागा काढा पण, हा फार लांबला.