वेगवान हेडरचा फ्लॅग: डोळे झाकून लावायचा का?

खडकवासला: कालच्या धाग्यात सल्ला होता, "इंटेलच्या सी++ कंपायलरला -यूज-इंटेल-ऑप्टिमाइझ्ड-हेडर्स हा फ्लॅग (म्हणजे पर्याय) द्या, वॅलअरे (सी++मधला आकड्यांचा अ‍ॅरे) फुकटात पळेल." वाचून डोकंच फिरलं. हा पर्याय हेडर, म्हणजे इन्क्लुड केलेल्या फाइली, शोधायच्या यादीत वेगळी डिरेक्टरी घुसवतो. तिथला वॅलअरे आतून आयपीपी ही इंटेलची वेगवान लायब्ररी वापरतो, म्हणजे लिंकिंगलाही (तुकडे जोडून प्रोग्राम बनवताना) आयपीपी हवी. नव्या पोरांना हे न सांगता फ्लॅग कसला वाटताय? डीफॉल्ट बंद ठेवलाय तो उगीच नाही.

सी_काका: सल्ला माझाच. सिग्नल प्रोसेसिंगचा जुना कोड, लांबच लांब वॅलअरे. सोर्सची एक ओळ न बदलता रन लवकर उरकायला लागला. आयपीपी लिंक करायला एवढा त्रास कसला?

निशाचर: -ओ3 शी (भरपूर ऑप्टिमायझेशन) तुलना केलीत की -ओ0 शी (काहीच नाही)? आणि आज वॅलअरे वापरतं कोण? आयगन ही गणिताची लायब्ररी घ्या, -मार्च=नेटिव्ह (याच मशीनच्या सीपीयूसाठी कंपाइल कर) लावा, विषय संपला.

खडकवासला: संपला कसा? आमच्या रोबोच्या प्रोजेक्टमध्ये पॉइंट क्लाउडची लायब्ररी डिस्ट्रोची (लिनक्ससोबत तयार मिळणारी), म्हणजे सीपीयूच्या साध्या एसएसई सूचनांवर बिल्ड झालेली. आमच्या कोडला कुणीतरी -मार्च=नेटिव्ह लावलं. एव्हीएक्स (एसएसईनंतरच्या रुंद सूचना) दिसताच आयगनच्या हेडरनी १६ऐवजी ३२ बाइट अलाइनमेंट (मेमरीचा पत्ता कितीच्या पटीत हवा ते) धरली. लायब्ररी आणि आमचा कोड यांत एकानं मेमरी घेतली एका पद्धतीनं, दुसऱ्यानं सोडली दुसऱ्याच पद्धतीनं. सेगफॉल्ट, म्हणजे प्रोग्राम कोसळला. जीडीबी या डीबगरमध्ये दर वेळी तेच, हँडमेड_अलाइन्ड_फ्री, आयगनचं मेमरी सोडणारं फंक्शन. आमच्या कोडमध्ये चूक शोधून शोधून टीम थकली.

निशाचर: मग चूक तुमच्या बिल्डची. सगळं एकाच फ्लॅगनं बिल्ड करा की!

खडकवासला: डिस्ट्रोची प्रत्येक लायब्ररी मी घरी बिल्ड करत बसू? प्रॉडक्शन कधी बघितलंय का?

निशाचर: वैयक्तिक होऊ नका. बारा गावचं पाणी प्यायलोय.

मालवणी_मेक: दोघांनी जरा दमानं घ्या. नेटिव्ह हवंच असेल तर बिल्ड सर्व्हरवर तरी नको, तिथला सीपीयू चालवायच्या मशीनपेक्षा नवा असू शकतो. शिवाय एकच इनलाइन (हेडरमध्येच लिहिलेलं) फंक्शन दोन फाइलींत वेगळ्या फ्लॅगनं कंपाइल झालं की लिंकर त्यातलं एकच ठेवतो. एव्हीएक्स२वालं राहिलं तर जुन्या मशीनवर थेट 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'. सीपीयू तपासणारा कोड लिहिलेला असला तरीही. आणि -फास्ट-मॅथवाल्यांनो (वेगासाठी गणिताची अचूकता सैल सोडणारा फ्लॅग), तुम्हीही ऐका: जीसीसी कंपायलरच्या १३व्या आवृत्तीआधी त्या फ्लॅगनं लिंक केलेली शेअर्ड लायब्ररी नुसती लोड झाली, तरी त्या थ्रेडमधले डीनॉर्मल (शून्याच्या अगदी जवळचे) आकडे शून्य व्हायचे. दुसऱ्याच्या कोडमधलेसुद्धा!

सी_काका: मूळ प्रश्न वॅलअरेचा होता, आठवतंय का कुणाला? माझ्या फ्लॅगनं अलाइनमेंटचा घोळ झाल्याचं एक तरी उदाहरण दाखवा.

खडकवासला: नाही दाखवत, माझ्याकडे नाही. बायनरी एकच, सगळा सोर्स हाताशी आणि आयपीपी सोबत देणार असाल, तर लावा बापडे. पण मेकफाइलमध्ये त्या ओळीवर कारण लिहा. पुढच्या माणसानं कंपायलर बदलला की तो पर्याय ओळखलाच जाणार नाही.

सी_काका: कॉमेंट टाकतो. पण "फुकटात" हा शब्द मागे घेणार नाही. सोर्सला हात लागला नाही, तो नाहीच.