मदत हवी आहे: एवढं पाणी पिऊनही पायात गोळे का येतात?

चढतोय_हळूहळू
तीन रविवार झाले, तेच. आतकरवाडीहून सिंहगड चढतो, पुणे दरवाजा जवळ आला की डाव्या पोटरीत असा गोळा येतो की तिथेच बसकण मारावी लागते. घरी आल्यावर डोकं ठणकतं ते संध्याकाळपर्यंत. पाणी भरपूर पितो, तेव्हा 'पाणी प्या' हे कृपया कोणी सांगू नये. पुढच्या महिन्यात ऑफिसच्या लोकांबरोबर कळसूबाई आहे. उपाय सांगा, जरा लवकर.

माळरान
भरपूर म्हणजे किती? नुसतं पाणी की त्यात काही? निघता किती वाजता? वय?

आगळवेडा
नुसतं पाणी पिऊन काय होणार! कोकमाचं आगळ घ्या, पाणी घाला, बाटली भरा. आगळात मीठ असतंच. बारा वर्षं हेच पितोय, एकदाही गोळा नाही.

चढतोय_हळूहळू
वय 46. सातला चढायला लागतो. तीन लिटरची पिशवी वर पोचेपर्यंत, दीड तासात, संपवतो. साधं पाणी. पण प्रश्न पोटरीचा आहे हो, पाण्याचा नाही.

फिजिओ_ताई
तीन लिटर, दीड तासात? अहो, मूत्रपिंडं तासाला जेमतेम लिटरभर पाणी बाहेर टाकतात, व्यायामात त्याहूनही कमी. बाकीचं अंगातच राहतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 जणांचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. धावताना ज्यांचं वजन वाढलं, त्यांना धोका जास्त होता. तुम्ही चढण्याआधी आणि उतरल्यावर वजन करा, त्याच कपड्यांत. घामाचा एक लिटर म्हणजे एक किलो. वजन थोडं घटायला हवं.

डेक्कनवाला
आम्ही 1985 साली बाटली न नेता चढायचो. वर देवटाक्याचं पाणी प्यायचं, मटक्यातलं दही खायचं, उतरायचं. तुमची पिढी पाठीवर नळ घेऊन फिरते.

माळरान
काका, ते ठीक. पण गोळ्याचं खापर मिठावर फोडू नका. न सवयीचा स्नायू थकला की आवळतो. आठवडाभर खुर्चीत आणि रविवारी एकदम गड! मंगळवार-गुरुवार पर्वतीच्या पायऱ्या करा, टाचा उचलायचे व्यायाम करा.

आगळवेडा
मग उन्हाळ्यातच जास्त का येतात गोळे? घामाने शर्टावर पांढरे डाग पडतात, ते काय चुना असतो?

लेकीची_आई
केळं!

रानवाटा
कळसूबाईला बूट कुठले घेतलेत? शिड्यांवर तळवा घसरायला नको.

चढतोय_हळूहळू
बुटांचं विचारलं नाहीये. ओआरएस घेऊ का? मागे एकदा अख्खं पाकीट ग्लासभर पाण्यात टाकून प्यालो, मळमळलं.

फिजिओ_ताई
मळमळणारच. 20.5 ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटरसाठी असतं. ते जुलाबासाठी आहे, दीड तासाच्या चढाला लागत नाही. तहान लागेल तसं पाणी, सोबत शेंगदाण्याचा लाडू नाहीतर खारे दाणे, पुरे. कुठली गोळी चालू आहे का?

चढतोय_हळूहळू
फेब्रुवारीपासून बीपीची. त्यात लघवी वाढवणारं औषधही आहे म्हणाले होते. त्याचा काय संबंध?

माळरान
😐

फिजिओ_ताई
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. त्या औषधानेही सोडियम उतरू शकतं, वर तुमचं तीन लिटर. गोळी स्वतःहून बंद करू नका. गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना या आठवड्यातच भेटा, सोडियम-पोटॅशियम तपासायचं का विचारा. तोवर गड नको. उलटी झाली, बोलणं असंबद्ध वाटलं, तर सरळ हॉस्पिटल.

आगळवेडा
बीपी असेल तर आगळ जपून. त्यात मीठ बरंच असतं. माझं मागे घेतो.

चढतोय_हळूहळू
आजच गडावर गेलो होतो. हे सगळं उतरल्यावर वाचलं. वजन मात्र सकाळी सवयीने केलं होतं: 81.2. आत्ता 81.9. घामाने बनियन पिळून निघाला, तरी वाढलंय. उद्या डॉक्टरांकडे जातो. कळसूबाईचं नंतर बघू.

डेक्कनवाला
वर पिठलं-भाकरी खाल्लीत का? वजनात तीही धरा.

चढतोय_हळूहळू
दोन भाकऱ्या.

रानवाटा
आणि बूट?