जोसेफ लुईस: कात्री ठेवून वेस्टर्नमध्ये, म्हणजे अमेरिकी काउबॉयपटांत, शिरलेला संकलक. हिशेबी की हौशी?

रीळबहाद्दर: जोसेफ एच. लुईस (१९०७–२०००) आधी मॅस्कॉट आणि १९३५ नंतर रिपब्लिक या हॉलिवूडच्या चित्रपट कंपन्यांमध्ये संकलन बघायचा. १९३७ पासून तो युनिव्हर्सल कंपनीसाठी बॉब बेकरचे, म्हणजे गाणाऱ्या काउबॉयचे, स्वस्तातले वेस्टर्न दिग्दर्शित करू लागला. ते आजही बघवतात, कारण माणूस संकलनाच्या टेबलावर तयार झालेला. मिनिटाला ९० फूट फिल्म. ५५ मिनिटांचा पट म्हणजे जेमतेम पाच हजार फूट. शेवटी कुठला तुकडा लागणार हे आधीच ठाऊक असलेला दिग्दर्शक फिल्म जाळत नाही.

कात्रीबंद: कौतुक जरा आवरा. ‘वॅगन व्हील जो’ हे नाव त्याला उगाच पडलं का? बघावं तिथे कॅमेऱ्यापुढे गाडीचं चाक! लांबच्या शॉटमध्ये माणूस आऱ्यांमधून दिसतो, जवळच्या शॉटमध्ये चाक गायब. जोड डोळ्यात खुपते. चाक ठेवावं तर आरा थेट नायकाच्या नाकावर. शिवाय सूर्य कलला की आऱ्यांच्या सावल्या सरकतात, मग दुपारचा तुकडा सकाळच्या तुकड्याला जुळत नाही. संकलन केलेल्या माणसानं हा ताप दुसऱ्या संकलकाच्या माथी मारावा?

रीळबहाद्दर: दोन माणसं उघड्या माळावर उभी राहून नुसती बोलताहेत, असं दृश्य किती सपाट दिसतं! पुढे चाक आलं की खोली येते, आणि मागे काहीच नाही हेही झाकलं जातं. उन्हात अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र, बारीक करता येतं, म्हणून रुंद लेन्समध्ये आरा आणि मागचा घोडा दोन्ही स्पष्ट. हेच सेटवर करायचं तर अॅपर्चर बारीक करायच्या दर पायरीला प्रकाश दुप्पट लागतो. तिथे मात्र निर्माता ओरडणारच.

पडद्यामागे: दोघांनीही लुईसचा ‘गन क्रेझी’ (१९५०) विसरू नये. वेस्टर्न नाही, पण मुद्दा तिथेच सापडतो. बँकेवरचा दरोडा गाडीच्या मागच्या भागातून एका सलग शॉटमध्ये घेतलाय, साडेतीन मिनिटांच्या आसपास, तीनशेच्या वर फूट. ग्रीस लावलेल्या फळीवर जॉकीचं खोगीर, त्यावर बसून ऑपरेटर पुढेमागे सरकतो. काही चुकलं की सगळं पहिल्यापासून, कारण झाकायला दुसरा कोन घेतलेलाच नाही. मला यात संकलनाचं प्रेम दिसत नाही; दुसऱ्याची कात्री चालू नये म्हणून केलेला बंदोबस्त दिसतो.

कात्रीबंद: हे पटलं. पण मग त्याच्याच ‘टेरर इन अ टेक्सस टाउन’ या वेस्टर्नचं (१९५८) काय? शेवटचा सामना, हातात देवमासा मारायचा भाला घेतलेला नायक, हे सगळं सुरुवातीलाच दाखवून टाकलंय.

रीळबहाद्दर: दाखवलं, पण भाला सुटायच्या आत तोडलं. तीच जागा शेवटी परत येते तेव्हा समोरचा कोण आणि भाला कशासाठी, हे आपल्याला कळलेलं असतं. दहा दिवसांच्या चित्रीकरणात एकाच प्रसंगाकडून दोनदा काम करून घेतलं. याला हौस म्हणता?

कात्रीबंद: म्हणतो. काटकसरी हौस.