जेट बोटचं आयडल खूप जास्त, काय करू?

थ्रॉटल पूर्ण सोडला तरी आरपीएम २२०० च्या खाली येतच नाही, आधी १३०० ला शांत चालायची. आयडल स्क्रू पूर्ण मागे घेतला, काही फरक नाही. कार्ब्युरेटरवालं इंजिन आहे. धक्क्याला लावताना बोट पुढे पुढे सरकते, जाम टेन्शन येतं.

↳ आधी हे सांगा, आरपीएम पाण्यात बघितला की ट्रेलरवर? पाण्याबाहेर जेट पंपावर (पाणी मागे फेकून बोट ढकलतो तो) लोडच नसतो त्यामुळे आयडल जास्तच दिसतं, त्यावरून स्क्रू फिरवत बसू नका.

↳ पाण्यातच बघितलाय हो.

↳ मग थ्रॉटलची केबल. कार्बच्या (कार्ब्युरेटरच्या) टोकाला केबल काढा आणि इंजिन चालू करून बघा, आरपीएम उतरला तर केबल ताणलेली नाहीतर आतून गंजून अडकतेय. बोट नीट बांधून ठेवा मात्र, जेटला खरा न्यूट्रल नसतो, बकेट (रिव्हर्ससाठी पाण्याचा झोत वळवणारी झडप) मधल्या पोझिशनला असली तरी पंप फिरतच असतो. केबल काढूनही तसंच राहिलं तर कुठूनतरी जादा हवा ओढतेय, कार्बच्या बुडाचं गॅस्केट आणि व्हॅक्यूम पाइप बघा. काही लोक तिथे पेट घेणारा स्प्रे मारून लीक शोधतात, इंजिनच्या बंदिस्त कप्प्यात मी तरी हे कधीच करणार नाही, एक ठिणगी आणि खेळ खल्लास.

↳ चोक अर्धवट अडकून फास्ट आयडलवर राहिलाय का तेही बघा, माझ्याकडे तेच निघालेलं.

↳ केबलच निघाली! काढल्या काढल्या १३०० वर आली. नवीन मागवतो.