'इरॅटिक' पाऊस म्हणजे लहरी, अनियमित की चुकार?

उदगीरचा शिक्षक
दहावीच्या सराव परीक्षेत 'इरॅटिक रेनफॉल'चा अर्थ एका मुलीनं 'लहरी पाऊस' लिहिला. मी गुण दिला नाही. उत्तर 'अनियमित' हवं होतं. तिचे वडील भेटायला आले, म्हणाले, "सर, आमच्याकडं पावसाला लहरीच म्हणतेत." तरी माझं मत तेच आहे. लहर यायला मन लागतं, ढगाला ते नसतं. विजेचा दाब इरॅटिक असतो, हृदयाचे ठोकेही असतात. त्यांना आपण लहरी म्हणतो का?

औशाचा शेतकरी
सर, दहाची एस्टी साडेदहाला आली तर ती अनियमित. आमचं दुखणं वेगळं हाय. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, अन् त्याच साली पावसाळा सरताना इतकं कोसळलं की सोयाबीन पाण्यात गेलं. ह्याला अनियमित म्हणायचं? लहरी म्हणलं की सोसणाऱ्याचं दुःख तरी त्यात येतं. लेकराला गुण द्या.

संभाजीनगरची भाषांतरकार
मला दोन्ही शब्द पटत नाहीत. 'इरॅटिक'चं मूळ लॅटिन 'एरारे', म्हणजे भटकणं आणि चुकणंही. 'एरर' त्याच घरातला. आपलं 'चुकणं' अगदी तसंच आहे: हिशेब चुकतो, कळपातलं वासरूही चुकतं. हिमनदीनं दूरवरून वाहून आणलेला, आसपासच्या खडकाशी जात न जुळणारा धोंडा असतो ना, त्याला भूगर्भशास्त्रात 'इरॅटिक'च म्हणतात. त्या धोंड्याला कसली लहर? तो वाट चुकून आलेला. म्हणून माझा शब्द 'चुकार'.

उदगीरचा शिक्षक
ताई, मग हृदयाचे ठोके चुकार म्हणणार?

संभाजीनगरची भाषांतरकार
काळजाचा ठोका चुकला, असं आपण म्हणतोच की, सर.

नांदेडची वाचक
हे सुंदर आहे, पण पावसाची चुकार सर म्हणजे एखादीच, मध्येच येऊन गेलेली. त्याला इंग्रजीत 'स्पोरॅडिक' आहे, विखुरण्या-पेरण्याच्या ग्रीक धातूवरून आलेला. इरॅटिक पाऊस थोडाच असेल असं नाही, भरपूरही असतो. फक्त त्याचा अंदाज बांधता येत नाही.

बीडचा कृषी पदवीधर
नांदेडच्या ताईंचा मुद्दा महत्त्वाचा. हवामान खात्याच्या हिशेबात सरासरीच्या उणे 19 ते अधिक 19 टक्क्यांमधला पाऊस 'सामान्य'. महिनाभर उघडीप, दुबार पेरणी, मग चार दिवसांत सगळा पाऊस, तरी हंगामाचा आकडा सामान्यच दिसतो! महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, 24 तासांत 65 मिलिमीटरवर गेला तर अतिवृष्टी, तिचा पंचनामा तरी होतो. खंडाचे दिवस मात्र सरासरीत बुडून जातात. तेच सांगायला 'इरॅटिक' लागतो, आणि 'अनियमित' तिथं फार मिळमिळीत पडतो. मी 'बेभरवशाचा' लिहीन.

औशाचा शेतकरी
बेभरवशाचा चालंल. पण आमच्या आजीनं 'लहरी'च म्हणलं, अन् तिनं 1972 चा दुष्काळ काढला हाय.

उदगीरचा शिक्षक
आजींपुढं मी बोलत नाही. गुण देतो. मात्र विजेच्या दाबाला 'लहरी' लिहिलेलं आलं तर तिथं खूण करणारच.